बसस्थानकालगतचा चौक बेघरांसकट सगळ्यांसाठी: बाक, नळ, संडास, दिवे नेमके कसे असावेत?

आराखडा

बसस्थानकाला लागून असलेल्या सुमारे १,२०० चौरस मीटरच्या त्रिकोणी मोकळ्या जागेचा आराखडा करायचा आहे. एका बाजूला स्थानकाची भिंत, दुसरीकडे दुकानांची रांग, तिसरीकडे रहदारीचा रस्ता. आज तिथे आठ बाक, एक बंद नळ आणि उंच खांबांवरचे दोन फ्लडलाइट एवढंच आहे. रात्री पंधरा-वीस माणसं झोपतात, त्यात दोन-तीन एकट्या बायका आणि एक लहान मुलांचं कुटुंब. दिवसा प्रवासी, दुपारी ज्येष्ठ मंडळी, संध्याकाळी मुलं.

समितीकडून तीन सूचना आल्यात: बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे, रात्री दहाला फाटकाला कुलूप आणि दिवे आणखी प्रखर. तिन्हींमागचा हेतू उघड आहे आणि तिन्ही मला नकोत. पण बैठकीत नुसतं "हे अमानुष आहे" म्हणून भागत नाही, पर्याय मोजमापासकट मांडावा लागतो. शिवाय एक खरी अडचण आहे. ज्येष्ठांना बाकांना हात हवेच आहेत, त्याशिवाय त्यांना उठता येत नाही. मग आधाराचा हात आणि झोप मोडणारा दांडा यांत फरक तो काय राहिला?

बाक, पाणी, संडास, उजेड यांवर कुणी नेमकं सांगेल का? तत्त्व ठाऊक आहे, आकडे आणि फसण्याच्या जागा हव्यात.

---

रंधा

हाताचा तिढा आधी सोडवू, कारण बहुतेक बैठका तिथेच अडतात.

फरक हात कुठे बसवलाय यात आहे. हात सारख्या अंतरावर लावले की ६० सेंमीपेक्षा मोठा सलग तुकडा कुठेच उरत नाही, म्हणून तो दांडा ठरतो. तेच हात एका टोकाला सरकवा. बाक २.६ मीटर लांब घ्या. एका टोकाला पहिला हात, त्यापासून ६० सेंमी सोडून दुसरा, आणि पुढे १.९ मीटर सलग बैठक. हातांची जाडी प्रत्येकी ५ सेंमी धरली की हिशेब जुळतो. ज्येष्ठ माणसाला दोन्ही बाजूंनी आधार मिळाला आणि आडवं होण्यापुरती जागाही राहिली. दुसऱ्या टोकाला हात मुद्दाम नको. तिथे बाकाशेजारी ९० सेंमी रुंद आणि १.२ मीटर खोल पक्की सपाट जागा सोडा. चाकाची खुर्ची तिथे उभी राहते आणि बाकावर सरकताना मध्ये काही येत नाही.

उठण्याची सोय फक्त हातावर नसते, हे आराखडा करणारे हमखास विसरतात. माणूस उठताना पावलं गुडघ्यांच्या मागे नेतो. बाकाखाली भरीव काँक्रीट असेल तर टाचा मागे जात नाहीत आणि हात असूनही उठता येत नाही. म्हणून बैठकीखाली पोकळी ठेवा. बैठकीची उंची ४५ ते ४७ सेंमी, हाताचा माथा बैठकीपासून साधारण २० सेंमी वर, आणि हाताचं पुढचं टोक बैठकीच्या कडेपर्यंत आलेलं. हात मागेच संपला तर जोर लावायला उपयोग शून्य.

आता झोपण्याचं. खरं सांगायचं तर ४५ सेंमी खोलीच्या बाकावर झोपणं हालच आहेत, कूस बदलता येत नाही. त्यामुळे सगळा वाद बाकावर घालण्यापेक्षा कट्टा बांधा. स्थानकाच्या भिंतीपासून जरा सोडून ९० सेंमी खोल, ४५ सेंमी उंच, सलग दहा-बारा मीटर. दिवसा दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून माणसं बसतात. न्यूयॉर्कच्या चौकांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी ३० इंच, म्हणजे ७६ सेंमी खोलीवर दोन्ही बाजूंनी बसता येतं असं सांगितलं होतं. ९० सेंमीला ते ऐसपैस होतं. रात्री त्याच कट्ट्यावर पाच-सहा जण आडवे होतात. समितीच्या कागदावर तो "बैठक कट्टा"च असतो, आणि तो खरोखरच बैठक कट्टा आहे.

कट्ट्यात काय बिघडतं:

दगड आणि काँक्रीट रात्री अंगातली ऊब ओढून घेतात, लोखंडी पत्रा उन्हात चटके देतो. वर लाकडी पट्ट्या टाका, ७ सेंमी रुंद, ४ सेंमी जाड, मधली फट ६ ते ८ मिलिमीटर. फट कमी ठेवली तर कचरा अडकून पाणी साचतं, जास्त ठेवली तर मुलांची बोटं आणि काठीचं टोक जातं. पट्ट्या खालून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने अशा बसवा की एकेक सुटी बदलता येईल. सलग जोडलेली फळी एकदा जळली किंवा कोरली गेली की पूर्ण काढावी लागते. मग ती वर्षभर तशीच पडते आणि तिच्या जागी दांडेवाला बाक येतो. पट्ट्यांखालच्या काँक्रीटला १:६० चा उतार द्या. टाचांसाठी पायथ्याशी १० सेंमी खोल खाच, दोन्ही बाजूंना.

छप्पर घालणार असाल तर रुंदी मोजून घाला. कट्ट्याच्या पृष्ठापासून छप्पर १.९५ मीटर वर असेल आणि सरी उभ्या रेषेपासून ३० अंश तिरक्या आल्या, तर कडेपासून आत १.१ मीटर भिजतं. ४५ अंशांनी आल्या तर जवळजवळ दोन मीटर. म्हणजे कट्ट्याएवढंच छप्पर हे छप्पर नव्हेच. वाऱ्याच्या बाजूला एक आडोसा उभा करा, पण तळाशी ३० सेंमी मोकळं ठेवून, म्हणजे झाडता येतं, हवा खेळते आणि आत कुणी आहे का ते दिसतं.

लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ मध्ये बसवलेल्या काँक्रीटच्या बाकाचा फोटो समितीला जरूर दाखवा. सगळीकडून तिरका, झोपणं टळावं म्हणून घडवलेला. त्याला पाठ नाही, हात नाही. ज्येष्ठांच्या गटालाच विचारा यावर किती वेळ बसाल.

---

निचरा

रंधा यांच्या पट्ट्यांच्या फटीला शंभर टक्के सहमत. पाण्याचं मी लिहितो.

पहिली गोष्ट जागेची. फाटकाचा वाद तुम्ही जिंकालच असं नाही. म्हणून नळ आणि संडास कुंपणाच्या रेषेवर, रस्त्याकडे तोंड करून बांधा. उद्या फाटकाला कुलूप लागलंच तरी दोन्ही चालू राहतात. बहुतेक ठिकाणी संडास बागेच्या आत कोपऱ्यात असतो, रात्री दहाला तोही बंद होतो, आणि बाकी सगळी दुकानं-कार्यालयं बंद असतात नेमकी त्याच वेळी. मग सकाळी भिंतीचा वास आला की दोष माणसांवर.

आकडा हवा तर आपत्कालीन छावण्यांची स्फिअर मानकं किमान रेषा म्हणून धरा: २० माणसांमागे एक संडास, आणि मिनिटाला ७.५ लिटर देणाऱ्या एका नळामागे २५० माणसं. रात्रीच्या वीस जणांपुरता एक संडास पुरतो असं यातून दिसतं, पण तुमच्याकडे दिवसाचे प्रवासी आहेत. तीन कोठड्या धरा, त्यातली एक चाकाच्या खुर्चीची, आत १.५ मीटर व्यासाचं वळण. तीनपेक्षा कमी नको, कारण एक तुंबलेली असणारच हे गृहीत धरायचं.

कोठड्या सुट्या, प्रत्येकीचं दार थेट फुटपाथवर. आत बोळ आणि बोळात दारं ही रचना रात्री बायका वापरत नाहीत, आणि बरोबरच करतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००८ पासून बसवली जाणारी स्टीलची कोठडी याच विचाराची आहे: दाराच्या वर आणि खाली तिरक्या झडपा, हात धुण्याचा नळ बाहेर. झडपांमधून पावलं दिसतात, आवाज येतो-जातो, वास साठून राहत नाही. नळ बाहेर असल्यामुळे आत अंघोळ-धुणं करून कोणी अर्धा तास अडकवत नाही, आणि ज्याला फक्त तोंड धुवायचंय त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही.

दार बाहेर उघडणारं. आत कोणी कोसळलं तर आत उघडणारं दार अंगावर अडतं. कडी बाहेरून साध्या चावीने सुटणारी. ठरावीक मिनिटांनी आपोआप उघडणारं दार मात्र लावू नका, त्या धास्तीने माणसं आतच जात नाहीत. आत भिंतीला दोन भक्कम हूक (एक १.२ मीटरवर, एक १.५ वर), पाठीवरची पिशवी ठेवायला ६० बाय ३० सेंमीची कोरडी फळी, सॅनिटरी पॅडचा डबा, आणि सुयांसाठी भिंतीत बसवलेली, परत बाहेर न काढता येणारी पेटी. हूक आणि फळी कुणालाच महत्त्वाचे वाटत नाहीत. पण ज्याचं सगळं सामान अंगावर आहे, त्याला ते ठेवायला जागा नसेल तर तो आत जाईल कसा? निळे दिवे सुचवले जातील, नशेची सुई टोचायला शीर दिसू नये म्हणून. त्याने टोचणं थांबत नाही, अंदाजाने टोचतात आणि इजा वाढते. वर कमी दिसणाऱ्यांची पंचाईत वेगळीच.

नळ दोन वेगळे. पिण्याचा: तोटी ९० सेंमीच्या आसपास, म्हणजे खुर्चीवरूनही पोचते, आणि तोटीखाली ३० सेंमी मोकळं, मोठी बाटली उभी राहावी म्हणून. दाबल्यावर आपोआप बंद होणारा नळ बसवलात तर वेळ १५ सेकंदांच्या आसपास लावा. मिनिटाला ७.५ लिटरने १५ सेकंदांत जवळपास दोन लिटर येतात, एक बाटली भरते. पाच-सात सेकंदांवर लावलेल्या नळाचं बटण लोक दोरीने बांधतात किंवा काडी खुपसतात, मग नळ अहोरात्र वाहतो आणि "हे लोक नासधूस करतात" असा अहवाल जातो. पाच लिटरच्या कॅनला ४० सेकंद लागतात, त्यामुळे धुण्याच्या बाजूला साधा पाव फेऱ्याचा नळ आणि आत प्रवाह रोखणारी चकती.

धुण्याची जागा दिली नाही तरी लोक कपडे धुणारच. ६० बाय ४५ सेंमीचा उतरता दगड, मागे उन्हाच्या दिशेला दोन मीटरचा वाळत घालायचा दांडा. दांडा नसेल तर कपडे कुंपणावर येतात आणि पहिली तक्रार तिथूनच होते. मोरीच्या तोंडाशी उचलता येणारी जाळीची टोपली हवी, कारण केस, धागे आणि साबणाचा गाळ मिळून मोरी तुंबते. मोरीचा पाइप ११० मिलिमीटर, उतार १:४० ते १:६०, पाणसापळ्यात (वास अडवणाऱ्या वळणात) ५० मिलिमीटर पाणी टिकलं पाहिजे. चेंबरचं झाकण पायवाटेच्या मधोमध नको. साफ करताना वाट अडते म्हणून साफ करणं पुढे ढकललं जातं.

समितीत कुणी "एवढं कशाला" म्हणालं तर अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं उदाहरण द्या. २०१६ ते २०१८ मधल्या हेपॅटायटिस ए च्या साथीत तिथे सुमारे ५९० रुग्ण झाले आणि २० माणसं दगावली. बाधितांमध्ये बेघर मोठ्या संख्येने होते, आणि रस्त्यावर संडास व हात धुण्याच्या सोयी नसणं हे प्रसाराचं एक मुख्य कारण ठरलं. लसीकरणाबरोबर शहराला शेवटी घाईघाईने हात धुण्याची केंद्रं मांडावीच लागली.

---

शटर_अर्धं_वर

दुकानदारांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. चौक म्हणजे निवारा नव्हे. कट्टा, छप्पर, नळ, संडास सगळं दिलंत की वीसचे साठ होतील. निवारा बांधायची जबाबदारी ज्यांची आहे ते मोकळे सुटतील आणि चौक कायमचा गेला.

---

पायवाट

शटर, चौक म्हणजे निवारा नव्हे हे पूर्ण मान्य. कट्टा हे घर नाही आणि आराखड्याच्या टिपणीत ते स्पष्ट लिहिलंच पाहिजे. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, सोय केली की.

पण तक्रार सुटी करून बघा. "बेघरांचा त्रास" या एका नावाखाली दुकानदारांच्या वह्यांमध्ये साधारण चार गोष्टी असतात: शटरच्या पायथ्याशी लघवी, दुकान उघडताना दारात झोपलेलं माणूस, गठ्ठे आणि हातगाड्या वाटेत, रात्रीची भांडणं. पहिल्यावर रात्रभर चालू असलेला संडास हाच उपाय, दांड्याने तो सुटत नाही. दुसरी घडते कारण दुकानाच्या पायरीवर छज्जा आहे आणि चौकात नाही. चौकात छप्पर आलं की पायऱ्या बऱ्याच मोकळ्या होतात. तिसरीला सामानाची जागा लागते. चौथीला रात्री कुणीतरी जबाबदार माणूस हवा, आणि ती गोष्ट बांधकामाने होत नाही हे कबूल.

साठचं म्हणाल, तर माणसं बसस्थानकाजवळ येतात ती उजेड, वर्दळ, हमाली आणि रात्रीच्या गाड्यांमुळे. कट्ट्याची लांबी तुमच्या हातात आहे. सहा जणांचा कट्टा साठ जणांना पुरत नाही.

निवाऱ्याशी जोडणं मात्र चौकाला जमतं. फिलाडेल्फियाच्या उपनगरी रेल्वे स्थानकात २०१८ पासून 'हब ऑफ होप' नावाचं केंद्र चालतं: अंघोळ, कपडे धुणं, गरम पेय, आणि तिथेच घराचा अर्ज भरून देणारी माणसं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजसेविका नेमली, कारण माणसं तिथे येतच होती. तुमच्या चौकात एवढं होणार नाही, पण दोन बाय दोन मीटरची छपराखालची जागा, एक विजेचा पॉइंट आणि एक टेबल मावेल. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी कोणी कागदपत्रांसाठी बसलं तर लोक थांबून राहतात. वेळ बदलत राहिली तर टेबल रिकामं.

---

लक्स

दिव्यांबद्दल. "आणखी प्रखर" ही सूचना उजेडाची समज चुकल्यामुळे येते. बारा मीटर उंचीचा फ्लडलाइट जमिनीवर पन्नास लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) पाडेल, आणि त्याच्या कडेला पडणारी सावली इतकी गडद होईल की तिथे उभा माणूस दिसणार नाही. भीती सावलीची वाटते, आणि ती तुमच्या फ्लडलाइटनेच तयार होते.

युरोपातलं ईएन १३२०१ मानक पादचारी वाटांसाठी पी२ वर्गात सरासरी १० लक्स आणि कुठेही किमान २ लक्स मागतं. तुमच्या वाटांना एवढं भरपूर आहे. संडासाच्या दारापाशी आणि नळाजवळ २० घ्या. खांब ४ ते ५ मीटरचे, जास्त संख्येने, रंग २,७०० ते ३,००० केल्विन (पिवळसर उजेड), मागच्या बाजूला झाकण, म्हणजे उजेड वाटेवर पडेल आणि कट्ट्यावर झोपलेल्याच्या डोळ्यांत जाणार नाही. मोजताना जमिनीवरच मोजून थांबू नका. दीड मीटर उंचीवर उभा धरलेला मीटर समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसेल की नाही ते सांगतो.

कोपनहेगनच्या फोल्केट्स पार्कचा आराखडा बघण्यासारखा आहे. तिथे वाटा उजळल्या आणि झोपणाऱ्यांसाठी काही भाग मुद्दाम अंधुक ठेवला, दोन्ही गटांशी बोलून. प्रत्येक चौरस मीटर उजळायचा हट्ट सोडला की हे जमतं.

एक सावधगिरी मात्र पाळा. अंधुक जागा सगळ्यांना नको असते. एकट्या बायका आणि मुलं असलेली कुटुंबं बहुधा उजेडात, वर्दळीजवळ झोपतात, आणि बऱ्याच जणी रात्री जाग्या राहून दिवसा झोपतात. म्हणून कट्ट्याचे दोन तुकडे करा: एक आतल्या बाजूला मंद उजेडात, दुसरा संडासाच्या आणि स्थानकाच्या दाराच्या नजरेत, ५ ते ७ लक्समध्ये. दिवसाच्या झोपेसाठी दुसऱ्यावर सावली हवी. कुठल्याही कोनाड्याला बाहेर पडायच्या वाटा दोन. झुडपं ७० सेंमीच्या खाली कापलेली, झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या वर.

हालचालीवर पेटणारे दिवे टाळा, एकजण कूस बदलतो आणि सगळे जागे होतात. तुषार सिंचन असेल तर त्याचं घड्याळ आधी बघा. पहाटे चारला पाणी उडवणारं "सिंचन" बऱ्याच ठिकाणी जाणूनबुजून लावलेलं असतं. ठिबक घाला, पाणीही वाचतं.

---

आराखडा

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. सामानाचं काय करावं? आणि झोपणाऱ्यांशी बोलायचं तर कसं? बैठकीला बोलावलं तर कुणी येणार नाही.

---

गाठोडं

सामान हा विषय बाकापेक्षा मोठा आहे. सामान सोडून जाता येत नाही म्हणून माणूस कामावर, दवाखान्यात, कार्यालयात जाऊ शकत नाही. आणि सामान गेलं की त्यात ओळखपत्रही जातं, जे पुन्हा काढायला पत्ता लागतो.

रेल्वे स्थानकासारखे छोटे लॉकर घेऊ नका, अंथरूण मावत नाही. लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात सामान ठेवायला ६० गॅलनच्या चाकांच्या बंद कुंड्या देतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे २२७ लिटर. कपाट करायचं तर ६० बाय ६० बाय ९० सेंमी घ्या, ते ३२४ लिटर होतं. जमिनीपासून १५ सेंमी वर. दाराला जाळी हवीच: ओलं अंथरूण बंद पत्र्यात दोन दिवसांत कुबट होतं, आणि आत काय आहे ते दिसत असेल तर तपासणीच्या नावाखाली कुलूप तोडायची वेळ येत नाही. मात्र पावसाच्या बाजूला जाळी नको.

कुलूप चार आकडी, यांत्रिक, मागून मुख्य चावीने उघडणारं. चाव्या हरवतात. बॅटरीची कुलपं भर पावसात मरतात. कपाटांच्या रांगेतच वेगळे, २० बाय ३० सेंमीचे पाणी न शिरणारे दहा-बारा छोटे कप्पे फक्त कागदपत्रांसाठी ठेवा. खर्च नगण्य, उपयोग सर्वांत जास्त. वीस कपाटांना पुरेशी वीज आहे म्हणून कपाटांच्या आत चार्जिंग देऊ नका, आग लागली तर बंद कपाटात लागेल. मोबाइलसाठी बैठकीजवळ, डोळ्यांसमोर, ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षणासह, बदलता येणारे पॉइंट.

ढेकणांचा प्रश्न येतो, तो लपवू नका. प्रत्येक कपाटात जाड प्लॅस्टिकची पिशवी, महिन्याला बदलायची, आणि जवळच्या धुलाई केंद्राशी बोलून गरम ड्रायरमध्ये अर्धा तास कपडे फिरवायची सोय. उष्णतेने ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. नुसती फवारणी कपाटात केली तर तीच औषधं अंथरुणावर येतात.

नियम थोडे आणि लेखी असू द्या. कपाट सांगितलेल्या नावावर मिळेल, ओळखपत्राची अट नाही. सात दिवसांनी येऊन नूतनीकरण. तीस दिवस कुणी आलं नाही तर दारावर सात दिवसांची नोटीस, मग सामान गोदामात नव्वद दिवस. नोटिशीवर गोदामाचा पत्ता आणि वेळ चित्रासकट. सामान उचलून थेट कचऱ्यात टाकणं कायद्यातही महागात पडू शकतं: अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध असंच ठरवलं, की थोडा वेळ बाजूला ठेवलेलं सामान म्हणजे टाकून दिलेलं सामान नव्हे.

हातगाड्यांसाठी ९० सेंमी रुंदीच्या चार खणांची रांग, ७० सेंमी उंचीवर साखळी अडकवायचा दांडा. नाहीतर त्या उताराच्या वाटेवर उभ्या राहतात, नेमक्या चाकाच्या खुर्चीच्या वाटेवर.

---

पायवाट

बोलण्याबद्दल. बैठकीला बोलावू नका, तुम्ही जा. आधी नुसतं मोजा: पहाटे सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात, रात्री अकरा, रात्री दोन. दोन कामाचे दिवस आणि एक सुटीचा. नकाशावर झोपलेले, बसलेले, सामान, मुलं यांच्या वेगवेगळ्या खुणा. नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. कॅमेरा बाहेर निघाला की पुढचं सगळं संपलं. रात्री दोनची नोंद टाळली जाते, आणि आराखडा नेमका तिथे चुकतो.

मग चार-सहा जणांच्या गटात, त्यांच्याच जागेवर, त्यांच्या सोयीच्या वेळी. बायकांशी वेगळं, बाईनेच. मानधन रोख आणि त्याच वेळी द्या, सल्लागाराला देतो तसं. पावतीवर अंगठा चालेल अशी तजवीज हिशेब विभागाकडून आधीच करून घ्या, हे ऐन वेळी अडतं. "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर येतं "घर", आणि ते तुमच्या हातात नाही. त्यापेक्षा विचारा: रात्री तीनला संडासला कुठे जाता? पाऊस आला की कुठे सरकता? पिशवी कुणाकडे ठेवता? पहाटे तुम्हाला कोण उठवतं? या चार उत्तरांत अर्धा नकाशा तयार होतो.

काढलेला नकाशा दाखवून मत मागू नका. खडूने जागेवर पूर्ण मापात आखा, कट्ट्याच्या जागी विटा किंवा लाकडी पॅलेट रचा आणि सहा ते आठ आठवडे तसंच राहू द्या. रंधा म्हणतात ते ९० सेंमी खरंच दोन्ही बाजूंनी वापरले जातात का, मुलं कुठून धावतात, गाड्या कुठे अडतात, सगळं दिसतं. पॅलेट सरकवायला तासही लागत नाही.

---

शटर_अर्धं_वर

चार तक्रारी सुट्या केल्यात ते पटलं. रस्त्याकडे तोंड करून संडास म्हणजे दुकानांच्या समोर का? तसं असेल तर विरोध ठरलेला.

---

निचरा

नाही. रहदारीच्या रस्त्याच्या बाजूला, बसथांब्याच्या शेजारी, स्थानकाच्या टोकाला. तिथे सांडपाण्याची मुख्य वाहिनीही जवळ पडेल. आराखडा, वाहिनीच्या चेंबरची तळपातळी आधी मोजून घ्या. ती तुमच्या चौकापेक्षा पुरेशी खाली नसेल तर १:६० चा उतार मिळणार नाही आणि कोठड्या चौथऱ्यावर चढवाव्या लागतील. मग रॅम्प आला: १:१२ उताराने ३० सेंमी चढायला ३.६ मीटर, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट. ही जागा आत्ताच राखून ठेवा.

आणि निविदेत देखभाल वेगळ्या ओळीत लिहा, बांधकामाच्या पोटात नको. संडासाची सफाई २४ तासांत किमान सहा वेळा, त्यातल्या दोन रात्री. तुंबलेली कोठडी चार तासांत, बिघडलेला नळ एका दिवसात. सुटे भाग सुरुवातीलाच खरेदीत धरा: पट्ट्या, नळाचे आतले संच, कुलपं, प्रत्येकी दहा टक्के जास्त. रात्रीचा माणूस परवडत असेल तर तो दुसऱ्या कुठल्याही खर्चाच्या आधी. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ पासून रस्त्यावरच्या संडासांवर माणसं नेमली आहेत, आणि तिथे काम करणाऱ्यांत नव्याने रोजगार शोधणारेही असतात. चौकात झोपणाऱ्यांपैकी कुणाला घेतलंत तर सफाई, चाव्या, साहित्य एवढंच काम द्या. सोबत्यांना हुसकायचं काम त्याच्यावर टाकलं तर तो आठवड्यात सोडून जाईल.

---

आराखडा

चेंबरची पातळी उद्याच घेतो. रंधा, कट्ट्याचे दोन तुकडे केले तर मधली फट किती ठेवू?

---

रंधा

दीड मीटर. चाकाची खुर्ची आणि समोरून येणारा माणूस एकमेकांना ओलांडू शकतात. फटीच्या दोन्ही कडांना पट्ट्यांची टोकं उघडी ठेवू नका, पाणी टोकातूनच शिरतं. आडवी पट्टी मारून झाका आणि कोपऱ्यांना ५० मिलिमीटरची गोलाई द्या.